आकडा उतरला, आता पंप बंद करू का?

वाचकाचं पत्र:

नमस्कार डॉक्टर. आम्ही देवगड तालुक्यात एका वाडीत राहतो. मुलगा नऊ वर्षांचा, आता पाचवीत जाईल. दोन वर्षांपूर्वी दम्याचं निदान झालं. पावसाळ्यात आणि भाजावळीच्या दिवसांत रात्र-रात्र खोकत बसून राहायचा. जानेवारीत कोल्हापूरच्या डॉक्टरांनी एका यंत्रात फुंकायला लावलं, आकडा ४२ आला. मग स्टेरॉइडचा पंप स्पेसर (पंपाला जोडायचं प्लास्टिकचं पोकळ नळकांडं) लावून सकाळी दोन, संध्याकाळी दोन असा सुरू केला. एप्रिलअखेर परत फुंकलं तर १८. खोकला आता जवळजवळ नाहीच, सकाळच्या शिंका तेवढ्या राहिल्यात. डॉक्टर म्हणाले, पंप चालू ठेवा, तीन महिन्यांनी या. सासूबाई म्हणतात, "आकडो उतरलो मां, आता पंप कित्याक? पोराक सवय लागतली." मिस्टर म्हणतात, दर वेळी घाट चढण्यापेक्षा यंत्रच ऑनलाइन मागवू. मुंबईच्या नणंदेने पीक फ्लो मीटर नावाची नळी पाठवलीय. तीत मुलगा कधी १५० फुंकतो, कधी २२०, एकदा तर ३१०. खरं काय मानायचं? एका ग्रुपवर वाचलं की ती कोल्हापूरची तपासणी दर दोन महिन्यांनी करायलाच हवी. तेही खरं का? मुलगा त्रास झाला तरी सांगत नाही, खेळायला सोडणार नाही म्हणून.
– एक आई

ताई,

तुमच्या प्रश्नांपैकी एकाचं उत्तर थांबण्यासारखं नाही, ते आधी देते. पंप बंद करू नका. आत्ता, पाऊस तोंडावर आलेला असताना तर मुळीच नाही.

सासूबाईंचा विचार मला सरळ वाटतो, मी त्यांना नावं ठेवणार नाही. ताप उतरला की तापाचं औषध थांबवतोच आपण. पण तुमच्या मुलाचा आकडा उतरलाय तो दमा गेला म्हणून नाही, रोज चार फवारे छातीत जातायत म्हणून. तुम्ही आत्ता मे महिन्यात कौलं परतून घेतली असतील. जूनमध्ये घर गळलं नाही, म्हणून जुलैत कोणी कौलं उतरवून ठेवतं का? सासूबाईंना हेच विचारा. माझा अनुभव असा की औषधशास्त्रापेक्षा कौलं लवकर पटतात.

आता तो आकडा मुळात कशाचा, ते सांगते, कारण तो कळला की पुढचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात. दमेकरी मुलाच्या श्वासनलिकांना आतून सूज असते. मूल खेळतं, हसतं, स्टेथोस्कोप लावला तर छाती स्वच्छ वाटते, आणि तरी आतलं अस्तर सुजलेलं असू शकतं. ॲलर्जीतून येणाऱ्या दम्यात, आणि मुलांचा दमा बहुतेकदा तोच असतो, या सुजलेल्या अस्तरातल्या पेशी नायट्रिक ऑक्साइड हा वायू नेहमीपेक्षा जास्त बनवतात. तो उच्छ्वासाबरोबर बाहेर येतो आणि यंत्र तो मोजतं. ४२ म्हणजे बाहेर सोडलेल्या हवेच्या शंभर कोटी भागांत या वायूचे ४२ भाग. रिपोर्टवर याला फेनो म्हणतात आणि पुढे पीपीबी लिहितात. माणसाच्या उच्छ्वासात हा वायू असतो हे स्वीडनच्या संशोधकांनी १९९१ मध्ये दाखवलं, आणि दमेकऱ्यांत तो वाढलेला असतो हे त्यानंतर दोन वर्षांत पुढे आलं. दातांच्या डॉक्टरकडचा हास्यवायू तो हा नव्हे. तो नायट्रस ऑक्साइड. नाव ऐकून एका आजोबांनी मला गंभीरपणे विचारलं होतं, "नातू हसत नाही म्हणून वाढला काय?"

अमेरिकन थोरॅसिक सोसायटी या छातीच्या डॉक्टरांच्या संघटनेच्या २०११ च्या सूचनांप्रमाणे बारा वर्षांखालच्या मुलांत २० च्या आत आकडा असेल तर तो कमी, ३५ च्या वर असेल तर जास्त. मधला पट्टा जपून वाचायचा, मुलाकडे बघून. मोठ्या माणसांच्या मर्यादा वेगळ्या आहेत, २५ आणि ५०, त्यामुळे इंटरनेटवर कुणाच्या तरी काकांचा रिपोर्ट बघून आपल्या मुलाचा लावू नका. त्याच सूचनांत असंही आहे की आकडा पन्नासच्या आतला असेल तर औषधानंतर तो दहाहून जास्त उतरला तरच औषध लागू पडलं असं धरावं. तुमच्या मुलाचा २४ ने उतरलाय. म्हणजे ४२ वरून १८ या प्रवासाचा अर्थ इतकाच, पण तो मोलाचा आहे: दिलेलं औषध योग्य जातीचं आहे, ते छातीपर्यंत पोहोचतंय आणि तुम्ही ते न चुकता देताय. हा तुमचा निकाल आहे, ताई. पहिल्या वर्गात पास झालात.

पण हा आकडा काय सांगत नाही, तेही ऐका. श्वासनलिका आत्ता आवळल्यात की मोकळ्या आहेत, हे त्याला कळत नाही. उद्या रात्री खोकला सुरू होईल का, हे कळत नाही. साध्या सर्दीने तो वाढू शकतो. नाकाच्या ॲलर्जीने वाढतो. सकाळच्या शिंका तुम्ही पत्रात सहज लिहून गेलात, पण त्या महत्त्वाच्या आहेत. पुढच्या वेळी डॉक्टरांना त्या मुद्दाम सांगा, कारण नाक सांभाळलं नाही तर छाती नीट सांभाळली जात नाही, आणि आकडाही उगाच चढलेला दिसतो. उलट काही मुलांना चांगलाच दमा असतो आणि हा आकडा कधीच चढत नाही.

माझ्याकडे मागे एक मुलगी आली होती. दुसरीकडे तपासलेली, आकडा साठच्या पुढे, आणि म्हणून पंपाचा डोस दोनदा वाढवलेला. मी आईला म्हटलं, पंप घेऊन या. पंप आला. हातात घेऊन हलवला, दाबला, फस्स आवाजही आला. पण आई म्हणाली, तो गणपतीत घेतलेला, आणि आम्ही बोलत होतो संक्रांतीला. दोनशे फवाऱ्यांचा पंप रोज चार फवारे या हिशेबाने पन्नास दिवसांत संपतो. पुढे आवाज येत राहतो, कारण आतला वायू उरलेला असतो, पण औषध नसतं. ती मुलगी तीन महिने हवा ओढत होती. डोस वाढवून कोणाचं काय होणार?

तुमचा हिशेब मी कागदावर मांडला. जानेवारीच्या मध्याला सुरू केला असेल तर आज तुमच्या हातात तिसरा पंप असायला हवा. पहिला किंवा दुसरा असेल तर हे पत्र बाजूला ठेवून आधी औषधाच्या दुकानात जा. नवीन पंप फोडला की त्याच्यावर पेनाने तारीख घाला, आणि पन्नास दिवसांनंतरची तारीख कालनिर्णयवर. पंपावरच आकडे दाखवणारी खिडकी असेल तर प्रश्नच मिटला. पाण्यात टाकून तरंगतो का ते बघण्याची पद्धत आपल्याकडे घरोघर चालते. तिच्यावर विसंबू नका.

स्पेसरचंही एक सांगून टाकते. तो ओढणीने किंवा पदराने आतून पुसला की प्लास्टिकवर वीज साठते आणि औषध भिंतींना चिकटून बसतं. महिन्यातून एकदा भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकलेल्या कोमट पाण्यात बुडवायचा, तोंडात धरायचा भाग तेवढा साध्या पाण्याने धुवायचा आणि न पुसता निथळत ठेवायचा. पावसाळ्यात वाळायला दोन दिवस लागतील, तेव्हा रात्री धुवायला घेऊन सकाळी ओला वापरू नका. एका वेळी एकच फवारा, मग पाच-सहा सावकाश श्वास, मग दुसरा. दोन्ही एकदम मारून वेळ वाचवणारी मुलं मी रोज बघते. शेवटी चूळ.

आता नणंदेच्या नळीकडे येऊ. तिने चांगली वस्तू पाठवलीय, फक्त ती कशी फुंकायची हे सोबत पाठवलं नाही. या दोन फुंकरी मुळात एकमेकींच्या उलट आहेत, आणि तुमचा मुलगा बहुधा दोन्ही एकच समजतोय.

कोल्हापूरच्या यंत्रात फुंकायची ती चुलीच्या फुंकणीची फुंकर. सासूबाईंना विचारा, विस्तव धुमसत असला की फुंकणीतून कसं फुंकतात. जोरात फुंकलं तर राख डोळ्यांत. सावकाश, एकसारखं, लांब फुंकलं तर निखारा हळूहळू लाल होतो. यंत्राला अगदी तेच हवं असतं. पडद्यावर मुलांसाठी ढग किंवा फुगा दाखवतात, तो दोन रेषांच्या मधे सहा-दहा सेकंद तरंगत ठेवायचा. जोर केला तरी बाद, दम सोडला तरी बाद. फुंकणी पाहिलेल्या मुलांना हे दोन मिनिटांत जमतं, असं माझं निरीक्षण आहे. शहरातल्या मुलांना वेळ लागतो.

पीक फ्लो मीटरला हवा नेमका उलटा प्रकार: छाती भरून श्वास आणि मग एकच फटका, वाढदिवसाच्या सगळ्या मेणबत्त्या एका दमात विझवायच्या तसा. यात मोजला जातो तो हवेचा वेग, मिनिटाला किती लिटर. श्वासनलिका आवळल्या की वेग पडतो. म्हणजे कोल्हापूरचं यंत्र सूज मोजतं आणि घरातली नळी वाट किती मोकळी आहे ते मोजते. सूज वाढली तरी वेग काही दिवस ठीक राहू शकतो. एकाला दुसऱ्याच्या जागी बसवता येत नाही.

कृती अशी. मुलाला उभं करा. काटा शून्यावर आणा. बोटं पट्टीच्या खाचेवर नकोत, तिथे काटा अडतो. मोठा श्वास, नळी दातांच्या आत, ओठ घट्ट मिटलेले, जीभ खाली, आणि फटका. असं तीनदा, आणि तिन्हींतला मोठा आकडा वहीत. सरासरी काढायची नाही. सकाळी उठल्यावर पंप घेण्याआधी एकदा आणि संध्याकाळी पंप घेण्याआधी एकदा.

तुमच्या १५० ला बहुधा ओठांतून गळती होती किंवा तो बसून, कंटाळून फुंकत होता. आणि ३१० कसा आला ते मला न बघता सांगता येतं. सध्या रातांब्यांचे दिवस आहेत. बी तोंडात घोळवून, जीभ मागे घेऊन, गालांच्या जोरावर ती खळ्याच्या पलीकडे थुंकायची, या खेळात सगळी पोरं तरबेज झालेली असतात. नळीत तसंच थुंकलं की काटा उडतो. तो वेग गालांचा, छातीचा नव्हे. गाल फुगताना दिसले की तो आकडा खोडा. पण रागवू नका. तीनशे दहा ऐकून तो खूश झाला असणार.

वेगवेगळ्या मुलांचे आकडे उंचीनुसार वेगळे येतात, म्हणून तक्त्यापेक्षा त्याचा स्वतःचा सर्वांत चांगला आकडा धरायचा. आत्ता तो बरा आहे, हीच ती काढायची वेळ. दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ फुंकून घ्या. समजा सर्वांत मोठा नीट फुंकलेला आकडा २२० निघाला. तर १७६ च्या वर सगळं आलबेल, म्हणजे ऐंशी टक्के. १७६ ते ११० पिवळा पट्टा: डॉक्टरांनी अशा वेळेसाठी लिहून दिलेलं औषध सुरू करायचं आणि त्यांना फोन करायचा. ११० च्या खाली लाल: तातडीचा पंप, तो बहुतेकदा निळा असतो, आणि दवाखान्याची वाट. मुलगा वाढतोय, तेव्हा सहा महिन्यांनी हा सर्वोत्तम आकडा पुन्हा काढा. आणि नळी हीच ठेवा. दुसऱ्या कंपनीची घेतली तर हिशेब बदलतो.

मी ही नळी सरसकट सगळ्यांना देत नाही. जे मूल 'आई, छाती जड झाली' असं स्वतः येऊन सांगतं, त्याची लक्षणं वहीत लिहिली तरी काम भागतं. वर्षभर रोज दोनदा फुंकायला लावलं तर मुलं कंटाळतात आणि मग न फुंकताच आकडे लिहितात. एका पठ्ठ्याने मला महिनाभराची वही आणून दिली, रोज २४०, एकाच शाईत. पण तुमचं प्रकरण वेगळं आहे. मुलगा त्रास लपवतो आणि दवाखाना जवळ नाही. अशा घरात नळीचा उपयोग आहे. पावसाळाभर आणि सर्दी झाली की मोजा, मधल्या चांगल्या दिवसांत सुट्टी द्या.

वहीत आकड्याशेजारी एक रकाना मोकळा ठेवा: आज काय घडलं. 'वरच्या मळ्यात भाजावळ केली.' 'मागच्या दारी काजूबिया भाजल्या.' 'आंब्याच्या पेट्यांतलं गवत झाडलं.' 'रात्री दोनदा खोकला.' काजूच्या टरफलातलं तेल जळतं तेव्हा त्याचा धूर निरोगी माणसालाही खोकायला लावतो, दमेकरी पोराचं काय होत असेल. भाजावळ बंद करा असं मी सांगणार नाही, ते माझ्या हातात नाही आणि तुमच्याही नाही. पण शेजारी कोणत्या सकाळी पेटवणार हे वाडीत सगळ्यांना माहीत असतं. त्या सकाळी त्याला मामाकडे धाडा, निदान वाऱ्याच्या वरच्या अंगाला. पाणचुलीपाशी शेकत बसायची सवय असेल तर ती मोडा. पावसात भिंतींवर चढणारी बुरशी आणि दमट गोधड्यांतले डोळ्यांना न दिसणारे किडे, या दोन गोष्टी आपल्या किनाऱ्यावर दमेकऱ्यांना जास्त छळतात. ऊन पडेल त्या दिवशी गोधड्या खळ्यात, आणि त्याचं अंथरूण ओल आलेल्या भिंतीपासून दूर.

आता घाट. दर दोन महिन्यांनी फेनो करायलाच हवी, हे ग्रुपवरचं वाक्य मला मान्य नाही. या आकड्याकडे बघून मुलांचं औषध कमी-जास्त केलं तर फायदा होतो का, यावर बरंच काम झालंय. अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या २०१६ च्या कॉक्रेन आढाव्यात असं दिसलं की अशा मुलांमध्ये मोठा ॲटॅक येणाऱ्यांची संख्या कमी झाली, पण रोजच्या त्रासात फरक पडला नाही. मग ब्रिटनमध्ये ५०९ मुलांवर वर्षभराचा प्रयोग झाला, तो २०२२ मध्ये छापून आला. त्यात निम्म्या मुलांचं औषध लक्षणं आणि आकडा दोन्ही बघून ठरवलं, निम्म्यांचं नुसती लक्षणं बघून. ॲटॅक दोन्हीकडे जवळपास सारखेच आले. यावरून तपासणी निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. औषध ठरवताना तिचा उपयोग झाला, औषध पोहोचतंय का हे पडताळायला झाला, पुढे डोस उतरवताना सूज परत चढते का हे बघायलाही होईल. पण ठरलेल्या तारखेला केवळ आकडा काढायला चार-पाच तास गाडीत घालवणं, शाळा बुडवणं, वर उलट्या, याला अर्थ नाही. डॉक्टरांनी तीन महिन्यांनी बोलावलंय ते मुलाला बघायला. तेवढं जरूर जा. तपासणी लिहिली तर निःसंकोच विचारा, "या आकड्यावरून औषधात काय बदलणार आहे?" चांगल्या डॉक्टरला हा प्रश्न आवडतो. किती हवा किती वेगाने बाहेर सोडता येते ते मोजणारी स्पायरोमेट्री जिल्ह्याच्या ठिकाणी होत असेल तर ती तिथेच करून रिपोर्ट सोबत न्या.

मिस्टरांना सांगा, फेनोचं यंत्र ऑनलाइन मागवायच्या भानगडीत पडू नका. ते महाग असतंच, शिवाय त्यातला सेन्सर ठरावीक तपासण्यांनंतर किंवा ठरावीक मुदतीनंतर बदलावा लागतो. एका मुलासाठी ते परवडणारं नाही आणि रोज मोजायची ती गोष्टही नव्हे. आणि तीन रंगीत चेंडूंचं जे यंत्र करोनाच्या काळात घरोघर आलं, ते कपाटातून काढून द्याल तर तेही नको. त्यात फुंकायचं नसतं, ओढायचं असतं. तो फुप्फुसांचा व्यायाम आहे, दम्याची तपासणी नव्हे. श्वास रोखून तीस मोजायचे आणि फुप्फुसं ठणठणीत, असले व्हॉट्सॲपवरचे खेळ तर दमेकरी मुलाबरोबर करूच नका.

राहिली सवयीची गोष्ट. पंपाची सवय लागत नाही. चष्म्याची लागते का? डोळ्यांना गरज असते म्हणून तो लागतो. पंपातलं स्टेरॉइड मायक्रोग्रॅममध्ये असतं, म्हणजे मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागात, आणि जातं थेट नळ्यांत. ॲटॅक आला की जे सिरप किंवा गोळ्या द्याव्या लागतात त्यांत तेच कुळ मिलिग्रॅमने असतं आणि सगळ्या अंगात फिरतं. पंप टाळून जे वाचवायला जातो ते असं उलटं अंगावर येतं. दुष्परिणाम नाहीतच असं मात्र मी सांगणार नाही. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात चार-सहा वर्षं रोज ब्युडेसोनाइड हे पंपातलं स्टेरॉइड घेतलेल्या मुलांची मोठेपणीची उंची इतरांपेक्षा सरासरी १.२ सेंटीमीटरने कमी भरली. म्हणून उंची दर सहा महिन्यांनी दाराच्या चौकटीवर खूण करून बघा, आणि म्हणूनच भागेल तेवढा कमी डोस ठेवायचा असतो. तो कमी करायचा ठराव असा: तीन महिने तरी मुलगा सलग बरा हवा, आणि सर्दी-पडशाचा मोसम नको. शाळा सुरू होणार, पाऊस सुरू होणार, वर्गात एकाची सर्दी चाळीस जणांना लागणार. मग गणपती येणार, घर माणसांनी, धुपाने, फटाक्यांच्या धुराने भरणार. माझा अंदाज, दिवाळीच्या आसपास डॉक्टर स्वतःच हा विषय काढतील. नाही काढला तर तुम्ही काढा.

एक गोष्ट आकड्यांच्या पलीकडची, फ्रिजवर लावून ठेवा. बोलताना वाक्य पुरं होत नाही, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते, ओठ निळसर पडतात, मूल गप्प, झोपाळू होतं, किंवा तातडीचा पंप दिल्यावरही आराम पडत नाही, की नळी फुंकायला लावत बसू नका. तातडीचा पंप डॉक्टरांनी लिहून दिलेल्या प्रमाणात स्पेसरमधून देत राहा, १०८ ला फोन करा, आणि गाडी मिळत असेल तर निघा. घरघर एकदम थांबली म्हणजे बरं वाटलं, असं समजू नका. थकलेल्या छातीतून हवाच जात नसेल, तरीही आवाज थांबतो. त्या रात्री कुठल्या गाडीने, कुठल्या दवाखान्यात जायचं, हे आत्ताच, मे महिन्यात ठरवून ठेवा. व्हाळाला पाणी आल्यावर कुठला रस्ता बंद होतो हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

जुलैअखेर घाट चढाल तेव्हा पंप, स्पेसर, नळी आणि वही, सगळं पिशवीत घ्या. डॉक्टरांसमोर त्याला पंप घेऊन दाखवू द्या. फेनो करणार असतील तर ती स्पायरोमेट्रीच्या आधी व्हायला हवी, आणि तपासणीआधी तासभर खाणं-पिणं नको. आदल्या रात्रीपासून पालक, माठ, बीटही नको, त्यांतल्या नायट्रेटमुळे आकडा फुगतो. जुलैत परसात माठ हिरवागार असणार आणि प्रवासाला निघणाऱ्या नातवाला सासूबाई भाकरीबरोबर तीच भाजी बांधून देणार. ती संध्याकाळी परत आल्यावर खाऊ दे.